भिंतीवरील उठावकाम : जतन, दुरुस्ती आणि प्रतिकृती

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. चंद्राने या ठिकाणी गणेशाची आराधना केली, अशी भाविकांची श्रद्धा असून त्या श्रद्धेपोटी दूरदूरच्या गावांतील लोक येथे दर्शनास येतात. देवस्थानाचे गाव म्हटले, की देवालयाबरोबरच मठ, ओवऱ्या, वेस, बारव, गढी, वाडे अशा अनेक जुन्या वास्तू डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्यातील अशा गावांत या वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा विषय केव्हा ना केव्हा ग्रामसभेपुढे किंवा विश्वस्त मंडळापुढे येतोच. शिखर गळू लागलेले असते, भिंतीचे पोपडे सुटलेले असतात, रंग उडालेला असतो. वर्गणी जमते किंवा निधी मंजूर होतो, अंदाजपत्रक तयार केले जाते आणि त्यात ‘जुना गिलावा काढून नवीन गिलावा करणे’ अशी एक बाब लिहिली जाते.

या एका ओळीत फार मोठी जोखीम असते. जो जुना गिलावा काढावयाचा, त्यावरच पुष्कळदा दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी घडविलेली वेलबुट्टी, कमळे, महिरपी, पक्षी आणि देवतांच्या आकृती असतात. छिन्नीच्या चार घावांत त्या खाली येतात आणि मलब्याबरोबर वाहून नेल्या जातात. असे करण्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. देऊळ चांगले दिसावे, भिंत टिकावी, एवढीच इच्छा असते. परंतु नष्ट झालेले उठावकाम पुन्हा मिळत नाही. म्हणून ते कशाचे बनलेले असते, ते का बिघडते, त्याची दुरुस्ती कशी करतात आणि गळून पडलेल्या भागाची प्रतिकृती कशी तयार करतात, याची माहिती निर्णय घेणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

उठावकामाची परंपरा

भिंत सपाट न ठेवता तिच्यावर उठावाची नक्षी असावी, ही आवड जगात सर्वत्र आढळते. युरोपातील श्रीमंतांच्या वाड्यांत एके काळी भिंतींना नक्षीदार चामडे लावीत. कमावलेल्या चामड्यावर चांदीचा वर्ख बसवून त्यावर पिवळसर रोगण देत. त्यामुळे चांदीला सोन्याची झळाळी येई. मग ते चामडे कोरीव साच्यावर दाबून त्यावर फुलापानांचा उठाव आणीत. स्पेनमधील कोर्दोबा शहर या कामासाठी विशेष प्रसिद्ध होते. पुढे जपानी कारागिरांनी हाच परिणाम जाड हातकागदावर साधला. इंग्लंडमध्ये लिनोलियमचा संशोधक फ्रेडरिक वॉल्टन याने १८७७ साली ‘लिंक्रस्टा’ नावाचे भिंतीचे आवरण तयार केले. जवसाचे तेल घट्ट करून त्यात लाकडाचा भुसा व राळ मिसळावयाची, तो लगदा कापडावर वा कागदावर पसरावयाचा आणि कोरीव रुळांखालून काढावयाचा, अशी ती रीत होती. पाठोपाठ १८८७ साली कागदी लगद्यापासून बनविलेले, वजनाने हलके ‘अनाग्लिप्टा’ हे आवरण निघाले. महागड्या चामड्याची हौस त्यामुळे मध्यमवर्गीयांनाही पुरविता येऊ लागली.

आपल्या दख्खनमध्ये हेच काम चुन्याने केले. त्याचे कारण येथील भूमीतच आहे. दख्खनच्या पठाराचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. तो बांधकामाला उत्तम, परंतु त्यावर जाळीदार, नाजूक नक्षी कोरणे फार कष्टाचे व खर्चाचे. म्हणून दगड-विटांची भिंत उभारून तिच्यावर चुन्याचा जाड थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच नक्षी घडवावयाची, ही पद्धत येथे रुजली. मराठा काळातील अनेक मंदिरांचा खालचा भाग दगडी, तर शिखर विटा-चुन्याचे असते. त्या शिखरावरील देवळ्या आणि त्यांतील मूर्ती चुन्यातच घडविलेल्या असतात. वाड्यांच्या दिवाणखान्यातील कोनाडे, महिरपी आणि छताजवळच्या पट्ट्या यांवरही हेच काम दिसते.

या कलेचा मराठवाड्यातील सर्वांत भव्य नमुना म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली निवर्तली. तिचे हे स्मारक सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या प्रारंभी, १६६०च्या सुमारास उभे राहिले. प्रवेशद्वारावरील लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. ‘तारीखनामा’ या ग्रंथाच्या आधारे या बांधकामास ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याचे सांगितले जाते. ही इमारत पाहणाऱ्याला ती सगळीच संगमरवरी वाटते. वस्तुतः संगमरवर आहे तो भिंतींच्या खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर. मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा व उठावाची वेलबुट्टी आहे. उत्तरेकडून बैलगाड्यांतून आणावा लागणारा संगमरवर किती महाग पडे, याची कल्पना फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याच्या वर्णनावरून येते. संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या त्याने वाटेत पाहिल्या आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते, असे त्याने नमूद केले आहे. या खर्चिक दगडाची शोभा स्थानिक चुन्यातून निर्माण करणे, हे त्या काळच्या गवंड्यांचे कौशल्य होय.

चुन्याचे चक्र

चुन्याचे काम दुरुस्त करावयाचे, तर चुन्याचा स्वभाव प्रथम जाणून घ्यावा लागतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानावर भाजली, म्हणजे तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो व ५६ किलो कळीचा चुना उरतो. हा चुना पाण्यात टाकला की उकळी फुटल्याप्रमाणे खदखदतो, प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि १८ किलो पाणी शोषून त्याचे वजन ७४ किलो होते. यालाच चुना विरवणे म्हणतात. विरवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे किंवा काही महिने मुरू दिला, म्हणजे तो लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर लावल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे गवंडी भिंतीवर जी वेल घडवितो, ती काही काळाने खरोखरच दगडाची होते.

बीड परिसरातील जमीन बेसाल्टपासून बनलेली असल्याने येथे चुनखडीचे मोठे खडक नाहीत. तथापि दख्खनच्या काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठांवर चुनखडीचे खडे सापडतात. त्यांस कंकर म्हणतात. असे खडे भाजून चुना करण्याची पद्धत दख्खनमध्ये सर्वत्र होती. कंकराच्या चुन्यात मातीचा अंश असल्याने तो ओलाव्यातही घट्ट होतो. असा चुना, वाळू आणि विटांची सुरखी दगडी चाकाच्या घाण्यात बैल जुंपून मळली जाई. अनेक किल्ल्यांवर व जुन्या देवळांजवळ हे चुन्याचे घाणे आजही पाहावयास मिळतात.

मळताना त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडीद किंवा मेथीचे पाणी घालण्याची चाल होती. त्यामुळे गिलावा चिकट होई, सावकाश वाळे आणि त्यास भेगा कमी पडत. ताग-अंबाडीचे तंतू घातल्याने थर एकमेकांस धरून राहात. तंतू घालण्याची ही युक्ती फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालील मातीच्या थरात वनस्पतींचे तंतू व भाताचा भुसा आढळतो. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. कीटकांपासून गिलाव्याचे रक्षण होण्यास त्यांचा उपयोग झाला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

बिघाडाची कारणे

चुन्याच्या उठावकामाचा पहिला शत्रू पाणी होय. माळवदाची माती धुऊन गेली, शिखराच्या कंगोऱ्यात पिंपळ उगवला, पन्हळ तुंबली किंवा वेसीलगत रस्त्याची पातळी उंचावली, की पाणी भिंतीत मुरू लागते. मुरलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी पृष्ठभागाकडे येऊन वाळते आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना गिलाव्याचा कण न् कण सुटा करतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. नक्षी पिठासारखी झडू लागते ती याच कारणाने. तेव्हा छप्पर, पन्हळ आणि पायथा यांची दुरुस्ती न करता केवळ नक्षीची दुरुस्ती करणे व्यर्थ आहे.

दुसरे कारण म्हणजे न जुळणाऱ्या साहित्याने केलेली दुरुस्ती. सिमेंट हे आधुनिक बांधकामाचे अत्यंत उपयुक्त साधन आहे, याविषयी दुमत नाही. परंतु जुन्या चुन्याच्या भिंतीवर ते घातक ठरते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाष्परूपाने बाहेर पडू शकते. सिमेंटचा थर घट्ट असल्याने ओल अडते व शेजारच्या मऊ चुन्यातून वाट काढते. सिमेंटमधील विद्राव्य क्षारही तिच्याबरोबर जातात. शिवाय सिमेंट ताठर व कठीण आहे. ऊन आणि गारठा यांमुळे भिंतीची जी सूक्ष्म हालचाल होते, तिला चुना साथ देतो. सिमेंट देत नाही. परिणामी सिमेंटचे ठिगळ शाबूत राहते आणि त्याच्या कडेचे मूळ काम फुटते. दुरुस्तीनंतर पाच-सात पावसाळ्यांनी नक्षी अधिकच झडली, असा अनुभव येतो, त्याचे कारण हेच.

तिसरे कारण रंगाचे आहे. दरवर्षी चुन्याची सफेदी दिल्याने नक्षीच्या रेषा हळूहळू बुजतात, पण भिंतीला अपाय होत नाही. तैलरंग मात्र भिंतीवर रबरी पडदा पसरावा तसा बसतो. आत ओल साचते आणि काही वर्षांनी रंगाचा पापुद्रा सुटताना नक्षीचा वरचा थर आपल्याबरोबर घेऊन येतो. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाणही पुष्कळ असे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली करण्यात आला. त्यापूर्वीचे रंग कोरडे खरवडले, तर विषारी धूळ उडते. असे काम मुखपट्टी बांधून, पृष्ठभाग ओलसर ठेवून व मुलांना दूर ठेवूनच करावे.

पाहणी आधी, दुरुस्ती नंतर

उठावकामाच्या दुरुस्तीचा आरंभ नोंदीपासून होतो. प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र घ्यावे, छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, नक्षीचा कागदावर आराखडा काढावा आणि शाबूत, सैल व गळालेला भाग वेगवेगळ्या खुणांनी दाखवावा. गिलावा भिंतीपासून सुटला आहे किंवा नाही, हे बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारून समजते. घट्ट भागाचा आवाज भरीव येतो, सुटलेला भाग पोकळ वाजतो. गळून पडलेले तुकडे फेकून देऊ नयेत. कोठे सापडले, याची चिठ्ठी लावून ते पेटीत ठेवावेत.

त्यानंतर सफाई. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. बुजलेल्या नक्षीवरील सफेदीचे थर बांबूच्या किंवा लाकडी पातीने एकेक करून सोडवावेत. तारेचा ब्रश, आम्ल आणि वाळूचा मारा यांचा वापर करू नये. आम्लाने घाण जाते तसा चुनाही विरघळतो. सफेदीच्या थरांखाली मूळ रंग आढळल्यास तो तसाच ठेवून त्याची नोंद करावी.

सुटलेला गिलावा पाडण्याची आवश्यकता नसते. त्यामागे बारीक छिद्रातून प्रथम पाणी आणि नंतर गाळून घेतलेल्या चुन्याचे पातळ मिश्रण सोडतात व बाहेरून मऊ गादीच्या फळीने काही दिवस आधार देतात. भेगा भरताना कडा ओल्या करून एक भाग चुना व अडीच ते तीन भाग बारीक, धुतलेली वाळू यांचे पातळ थर द्यावेत. पहिला थर बसल्याखेरीज दुसरा देऊ नये. शेवटचा थर वस्त्रगाळ चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा असतो व तो गुळगुळीत दगडाने घोटतात. नवीन काम काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे लागते. झपाट्याने वाळलेला चुना भुसभुशीत होतो. यासाठी मराठवाड्यात पावसाळ्यानंतरचे, हिवाळ्याचे महिने सर्वांत सोयीचे. मार्चअखेर निधी खर्ची टाकण्याच्या घाईत भर उन्हात केलेले चुन्याचे काम टिकत नाही, हे अंदाजपत्रक करतानाच ध्यानात घ्यावे.

चुना विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. उसळलेला चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टीस कायमचा अपाय होऊ शकतो. कामगारांना चष्मे व हातमोजे देणे हा खर्च अनावश्यक समजू नये.

साचा आणि प्रतिकृती

नक्षीचा काही भाग पूर्णपणे नष्ट झाला असेल, तर काय करावे? येथे उठावकामाचा एक गुण उपयोगी पडतो. त्यातील आकृती पुन्हा पुन्हा येतात. पट्टीवरील कमळ वीस वेळा येते, डाव्या महिरपीतील वेल उजव्या महिरपीत उलट दिशेने येते. वीस कमळांपैकी तीन गळाली, तरी सतरा कमळे पुराव्यादाखल शिल्लक असतात. इंग्लंडमधील लिंक्रस्टाची दुरुस्तीही याच तत्त्वावर होते. रुळावरून निघालेली नक्षी ठरावीक अंतराने परत येत असल्याने शाबूत भागाचा साचा घेऊन तुटलेला भाग ओतता येतो.

साचा घेण्याची विद्या आपल्याला परकी नाही. पेणपासून गावोगावच्या कुंभारवाड्यापर्यंत गणेशमूर्ती घडविणारे कारागीर दरवर्षी हेच करतात. भिंतीवरील नक्षीचा साचा घेताना मात्र मूळ वस्तू अमोल असल्याने अधिक दक्षता घ्यावी लागते. प्रथम निवडलेली आकृती घट्ट आहे, याची खात्री करतात. तिच्यावर साचा चिकटू नये म्हणून योग्य लेप देतात. हा लेप किंवा सिलिकॉन रबर सच्छिद्र चुन्यावर तेलकट डाग पाडू शकते, म्हणून नजरेआड असलेल्या लहानशा भागावर आधी परीक्षा घेतात. मग भोवती मातीची कड करून सिलिकॉन रबराचे पातळ थर कुंचल्याने देतात. ते घट्ट झाल्यावर मागे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे कवच करतात, जेणेकरून लवचीक रबराचा आकार बिघडू नये. पाकळ्या आत वळलेल्या असल्या, तर ताठर साचा अडकतो आणि ओढून काढताना मूळ पाकळी मोडते. रबरी साचा अलगद सुटतो. जुने कारागीर अशा वेळी तुकड्यातुकड्यांचा साचा करीत. शाडूच्या मातीचा ठसाही घेता येतो. परंतु शाडू वाळताना आकसते, त्यामुळे प्रतिकृती मुळापेक्षा लहान होते. मापे ताडून पाहिल्याशिवाय तिचा उपयोग करू नये.

प्रतिकृती कशाची ओतावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस चटकन घट्ट होते आणि रेषा सुबक येतात, म्हणून ते मोहक वाटते. दिवाणखान्याच्या कोरड्या छताखाली ते चालते. परंतु ते शेवटी जिप्सम आहे. एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम जिप्सम विरघळते. शिखरावर किंवा उघड्या भिंतीवर काही पावसाळ्यांत त्याच्या रेषा बोथट होतात. बाहेरच्या कामास चुन्याचीच प्रतिकृती हवी. ती सावकाश तयार होते, पण मूळ कामाबरोबर राहते.

लहान तुकडे चुन्याच्या लगद्याने बसवितात. जड तुकड्यांना आतून खुंटी लागते. ती लोखंडाची असू नये. लोखंड गंजले की फुगते आणि तुकड्याला आतून फोडते. तांबे, पितळ किंवा न गंजणारे पोलाद वापरावे. प्रत्येक प्रतिकृतीच्या पाठीवर वर्ष कोरून ठेवावे. दुरून नवे-जुने एकजीव दिसावे, परंतु जवळून पाहणाऱ्या अभ्यासकास नवे ओळखता यावे, हे १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने मान्य केलेले तत्त्व आहे. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्निर्मिती थांबली पाहिजे, हेही त्याच सनदेचे सूत्र. देवतेच्या हातातील आयुध कोणते होते याचा पुरावाच नसेल, तर हात रिता ठेवणे प्रामाणिकपणाचे. अंदाजाने बसविलेले आयुध पुढील पिढ्यांची दिशाभूल करते.

अजिंठ्याचा धडा

सद्हेतूने केलेली दुरुस्तीही कशी अडचणीची ठरू शकते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. १९२० ते १९२२ या काळात तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. भिंतीपासून सुटलेला रंगीत गिलावा त्यांनी जागच्या जागी पक्का केला. ते काम मोलाचे होते, त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. मात्र चित्रांवर लाखेचे रोगण देण्यात आले होते. कालांतराने ते पिवळे व काळपट पडले आणि चित्रांचे मूळ रंग झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण काढून टाकण्याचे जिकिरीचे काम वर्षानुवर्षे करावे लागले. नामांकित तज्ज्ञांच्या हातूनही असे घडू शकते, म्हणून जी दुरुस्ती पुढे मूळ कामास धक्का न लावता काढता येईल तीच करावी, असा दंडक आज पाळला जातो. चुन्याचे ठिगळ काढता येते. सिमेंटचे ठिगळ मूळ नक्षीसकट निघते.

गावपातळीवरील कर्तव्ये

सर्वप्रथम, वास्तू संरक्षित आहे किंवा नाही, याची खात्री करावी. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८चा केंद्रीय कायदा आणि राज्य संरक्षित स्मारकांना १९६०चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. अशा ठिकाणी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना गिलाव्यास हात लावता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यासही २०१०च्या सुधारणेनुसार मनाई आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून याविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

परंतु गावोगावची बहुसंख्य देवळे, वेशी आणि वाडे कोणत्याही यादीत नसतात. त्यांचे भवितव्य ग्रामपंचायत, विश्वस्त आणि मालक यांच्याच हाती असते. त्यांनी काही साधे संकेत पाळले, तरी पुष्कळ काही वाचेल. दुरुस्तीचा ठराव करण्यापूर्वी छायाचित्रांची नोंद दप्तरी ठेवावी. अंदाजपत्रकात साधा गिलावा चौरस मीटरवर आणि उठावकाम नगांवर अशा दोन वेगळ्या बाबी असाव्यात. सर्व काम चौरस मीटरवर मोजले, तर ठेकेदाराला नक्षी सांभाळण्यापेक्षा पाडणे परवडते, हा साधा हिशेब आहे. सफेदीसाठी चुन्याचाच आग्रह धरावा. प्रथम छप्पर व पन्हळ, नंतर भिंत आणि शेवटी नक्षी, हा क्रम बदलू नये. संपूर्ण भिंतीवर हात घालण्यापूर्वी हातभर जागेत नमुन्याचे काम करवून घ्यावे आणि एक पावसाळा ते कसे टिकते, हे पाहावे.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. गावातील देवळाच्या महिरपीची नक्षी चित्रकलेच्या तासाला उतरविणे, ती कितीदा आली आहे हे मोजणे, तिची सममिती गणिताच्या तासाला समजावून देणे, चुन्याचे चक्र विज्ञानाच्या तासाला शिकविणे, हे कोणत्याही खर्चाविना होऊ शकते. विद्यार्थ्यांनी काढलेले असे आराखडे शाळेत जपून ठेवले, तर पुढे एखादी भिंत कोसळल्यास तोच तिचा एकमेव पुरावा ठरेल. भारतीय राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. १९७६ साली घटनेत समाविष्ट झालेल्या या कर्तव्याचे पालन गावातील एका भिंतीपासूनही सुरू करता येते.

कारागिरांचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. चुना केव्हा मुरला हे बोटांच्या स्पर्शाने ओळखणारे गवंडी आज विरळा झाले आहेत. सिमेंटच्या कामात त्यांच्या या ज्ञानाला मागणी नाही आणि मागणी नसलेले ज्ञान मुलांकडे जात नाही. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि रॉयल ऑपेरा हाउस या इमारतींच्या जीर्णोद्धाराची युनेस्कोने अनुक्रमे २००५ व २०१७ साली पुरस्कार देऊन दखल घेतली. जुन्या सजावटीची कुशल दुरुस्ती आपल्या राज्यात होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले आहे. मात्र महानगरातील दोन-चार कामांनी खेड्यातील गवंड्याचा हात चालता राहणार नाही. त्यासाठी गावोगावच्या लहान दुरुस्त्या चुन्यातच झाल्या पाहिजेत आणि जाणत्या गवंड्याच्या हाताखाली दोन तरुणांना शिकण्यासाठी ठेवले पाहिजे. त्यांची मजुरी अंदाजपत्रकात धरली, तर दुरुस्तीच्या एकूण खर्चात तिचा भार फारसा जाणवणार नाही.

लिंबागणेशसारख्या गावांतील मंदिरे व वाडे ज्यांनी उभारले, त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. त्यांच्या हाताची ओळख चुन्याच्या वेलबुट्टीतच उरली आहे. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ही ओळख पुसावयाची की पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावयाची, हे अंदाजपत्रकातील एका ओळीवर ठरते. ती ओळ लिहिणाऱ्याने आणि तिला मंजुरी देणाऱ्याने एकदा भिंतीजवळ जाऊन तिच्यावरील नक्षी नीट पाहावी आणि मगच सही करावी.